काचसामानाची वही

नाही, बसा हो, किल्ली देणारच आहे — नव्या समुपदेशक म्हणून तुमच्याच नावाने आलीय ती — पण ही खोली शाळेला एकाएकी कशी सुचली असं विचारलंत, म्हणून सांगते. मंगळवार होता. मी इथेच, याच खुर्चीत, ओळखपत्रांवर शिक्के मारत होते. शाईची गादी सुकलेली, दर चार कार्डांनी पाण्याचं बोट लावावं लागत होतं, त्यातच फोन वाजला. बाटल्या धुण्याच्या कारखान्यातला मुकादम होता. म्हणाला, तुमच्या शाळेची एक मुलगी आमच्याकडे कामाला होती, क्रेटची थप्पी कोसळली, ती खाली सापडली, गेली. खिशात ओळखपत्र मिळालं, त्याच्या मागे हा नंबर होता. आणि मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "तुकडी कोणती?" — बघू नका असं माझ्याकडे. एकोणतीस वर्षं या खिडकीशी बसल्यावर तोंडून तेच निघतं. तो म्हणाला, कार्डावर नववी ब लिहिलंय. मी लिहून घेतलं.

आणि सहा महिन्यांनी ही खोली. पाहिलीत ना? पिवळ्या भिंती, खाली मऊ गाद्या, दारावर पाटी — मनमोकळं दालन. बैल गेला आणि झोपा केला, तोही फीत कापून. मोठ्या बाई — मुख्याध्यापिका हो, आम्ही मोठ्या बाईच म्हणतो — भाषणात म्हणाल्या, यापुढे चुकलेल्या मुलाला आपण घरी पाठवणार नाही, जवळ बसवणार. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. घरी जाऊन हात साबणाने धुतले, दोनदा धुतले, तरी काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं. तुम्हाला नाही हो बोलत, तुम्ही परवा आलात, शिकून आलात, चांगल्या मनाने आलात. पण "यापुढे" म्हणे. जसं आधी कोणी केलंच नव्हतं. याच खोलीत केलं होतं. तुमची ती पिवळी भिंत आहे ना, फळी ठोकलेली, तिच्यामागे बेसिन आहे. प्रयोगशाळा होती ती.

तिथे भाऊ होते. प्रयोगशाळा साहाय्यक, शिक्षक नव्हेत, शिपायाच्या वर आणि मास्तरांच्या खाली, म्हणजे कोणाच्याच खिजगणतीत नाहीत. मुलाला निलंबनाचं पत्र मिळालं की — पत्र मीच करते, तयार नमुना आहे, नाव, तुकडी आणि दिवस तेवढे बदलायचे — ते मूल फाटकाबाहेर जाऊन उभं राहायचं. घरी सांगायचं काय? भाऊ मागच्या दाराने त्याला आत घ्यायचे. परीक्षानळ्या धुवायला लावायचे. पहिल्या दिवशी एक शब्द विचारायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. तिसऱ्या दिवशी मूल आपणच बोलायला लागायचं, हात ओले असले की बोलणं सोपं जातं म्हणायचे. आणि भांडण झालं असेल त्या दुसऱ्यालाही मधल्या सुट्टीत बोलवायचे. उभी काचनळी असते ना, तोटीवाली — एकाने थेंब थेंब सोडायचा, दुसऱ्याने खालच्या चंबूतला रंग बघायचा आणि बदलला की थांब म्हणायचं. बोलल्याशिवाय ते होतच नाही. भाऊंनी अकरा वर्षं हे केलं. ते होते तोवर त्यांच्या हाताखालून गेलेलं मूल त्याच कारणासाठी पुन्हा माझ्या खिडकीशी आलं नाही. मला कोणी सांगायला नको, निलंबनाचं रजिस्टर माझंच.

टाचणीही तिथूनच गेलेली. टाचणी म्हणजे ती, कारखान्यातली. अंगाने तशीच होती आणि बोलायला गेलं की टोचायची. आठवीत आई गेली तिची, बाप भट्टीवर पाळीने कामाला, घरी कोण? डॉक्टरांच्या मुलीच्या कानाखाली वाजवली म्हणून तीन दिवस मिळाले होते. तीनही दिवस ती भाऊंकडे. चौथ्या दिवशी मी बघते, तर ती आणि डॉक्टरांची मुलगी नळावर खिदळताहेत. मी म्हटलं भाऊंना, ही पोरगी काच फोडेल हो तुमची. तर म्हणाले, हिच्याइतकी काच सांभाळून कोणी धुतली नाही आजवर.

मग तपासणी आली. तपासणी म्हणजे काय असतं ते कळेल तुम्हालाही. कुणीतरी दाखवून दिलं, भाऊ निलंबित मुलांना आवारात ठेवतात, नियमाविरुद्ध आहे. मोठ्या बाईंनी हात वर केले, मला ठाऊकच नव्हतं म्हणाल्या — रोज भाऊंच्या दारावरून चहाला जायच्या, ठाऊक नव्हतं. भाऊंना आठ महिने आधी निवृत्त केलं. ... कुणीतरी म्हणजे कोण, असं विचारताय ना? विचारलं नाहीत, पण चेहऱ्यावर आहे. अहो, काचसामानाची एक वही असते. कोणी काय घेतलं, कधी परत केलं, पुढे सही. भाऊ त्या मुलांच्याही सह्या घ्यायचे. सही केली की मुलाला वाटतं आपण कोणीतरी आहोत, असं त्यांचं म्हणणं. आता तपासणीच्या आधी सगळ्या वह्या ताडून बघणं हे माझं काम. माझ्याकडच्या दोन वह्या कधी एकमेकींशी भांडल्या नाहीत, हा माझा तोरा. आणि इथे निलंबनाच्या रजिस्टरात मूल घरी, आणि त्याच तारखेला काचसामानाच्या वहीत त्याची सही. मी लाल पेन घेतलं आणि गोल केले. एकतीस गोल. मनात पाप नव्हतं हो. चूक दिसली, खूण केली. एकदाही उठून भाऊंना विचारलं नाही, काय हे. चार दारं पलीकडे तर होते. किल्ल्या परत द्यायला या टेबलाशी आले तेव्हा वही उघडीच होती. पानं चाळली, म्हणाले, "ताई, काम मात्र स्वच्छ आहे तुमचं." टोमणा असता तर बरं झालं असतं. खरंच म्हणाले ते.

दोन महिन्यांनी टाचणीने पुन्हा हात उचलला. आईवरूनच कुणीतरी बोललं होतं. बारा दिवस. या वेळी मागचं दार बंद. तेराव्या दिवशी ती खिडकीशी आली, एकटीच, वेणी नीट घालून. नियम असा की पालकाची सही झाल्याशिवाय वर्गात बसता येत नाही. मी म्हटलं, वडिलांना घेऊन ये. म्हणाली, ते झोपलेत, रात्रपाळी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकटी. तिसऱ्या दिवशीही. तिचं रुजू होण्याचं पत्र माझ्याकडे तयार होतं, या खणात, फक्त सही नव्हती. फोन करायचा की नाही बापाला? उठून मोठ्या बाईंकडे जायचं की नाही? रांग होती हो खिडकीशी, दाखल्यांचे दिवस. तिने विचारलं, "भाऊ नाहीत का?" मी म्हटलं नाहीत. म्हणाली, "मग मी कुठे बसू?"

मी सांगितलं, घरी.

काच धुता येते म्हणून बाटल्यांच्या कारखान्यात तिला लगेच घेतलं. मुकादमच म्हणाला फोनवर, हाताने फार जपून काम करायची. आणि ओळखपत्र कशाला ठेवायची खिशात? तिला वाटत असेल, कधी ना कधी सही होईल.

हे सगळं मी कोणाला बोलले नव्हते. तुमचा चेहरा ऐकणारा आहे, त्याचेच पैसे मिळत असतील तुम्हाला. एक करा, त्या गाद्या राहू देत, पण ती फळी काढायला लावा. नळ चालू करा. पोरांच्या हाताला काम द्या, मग तुमचं ते मनमोकळं काय ते होईल. मी अर्ज टाइप करून देते, सही तुमची.

भाऊ भेटतात मला, औषधांच्या दुकानात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. डोळ्यांनी दिसत नाही आता फारसं, वर्तमानपत्र सुटलं. आवाजावरून ओळखतात. दर वेळी विचारतात, टाचणी दहावीला गेली ना? मी हो म्हणते. अभ्यास करते का? हो म्हणते.

घ्या किल्ली. इथे सही करा, तारीखही घाला. आणि दार ओढून घ्या जाताना, माझी कामं पडलीत. भाऊंना मी अजून सांगितलेलं नाही.