शोभामावशी पाल्मात हरवते

आमच्या शोभामावशीचं पाल्मात काय झालं, ऐकलंत का? पाल्मा म्हणजे स्पेनच्या एका बेटावरचं मोठं बंदर, तिथली राजधानी. तिची लेक मीना तिथंच नोकरीला. मावशी तिच्याकडं गेली आणि दुसऱ्याच दिवशी समुद्राजवळच्या मोठ्या चर्चमागच्या गल्ल्यांत चुकली. फोन घरी राहिलेला. रडवेली होऊन एका दुकानात शिरली. दुकानदारीणबाई काय विचारतेय ते कळेना, म्हणून नुसतं म्हणाली, "सोलापूर!"

बाईनं आनंदानं टाळी वाजवली आणि आतनं टॉवेलचं खोकं आणलं. त्यावर सोलापूर छापलेलं! दोघी गळ्यातच पडल्या.

मीना शोधत शोधत धापा टाकत आली, तर मावशी गिऱ्हाइकापुढं टॉवेल उलगडतेय!

"आई, घरी चल!"

"थांब की गं, एवढं गिऱ्हाईक होऊ दे."