अ‍ॅटिट्यूडला दहापैकी चार

नाही हो रवींद्रराव, 'लक्ष असू द्या' तेवढं म्हणू नका मला — दुसरं काहीही म्हणा. बसा ना. ट्रायल सुरू व्हायला पंधरा मिनिटं आहेत अजून, तुमची वल्लरी तिकडे वॉर्मअप करतेय, झकास करतेय, काळजी नको. माझी बायको सविता म्हणाली होती मला, हार्बरफ्रंटला तिच्याच ऑफिसात तुमच्या मिसेस आहेत, त्यांची मुलगी येणार आहे म्हणून — तेव्हाच म्हटलं, आली पंचाईत. का? सांगतो.

बास्केटबॉलचा असिस्टंट कोच म्हणजे काय, ठाऊक आहे? सत्त्याण्णवला देश सोडून आलो मी इथे, बायकोच्या नोकरीमागे — हसा, हसा, सगळेच हसतात — आणि दुसऱ्या वर्षापासून ह्या कॉलेजात. आठ वर्षं झाली. नागपूर युनिव्हर्सिटीचा कॅप्टन होतो हो मी! आणि इथे काय, तर बॉलमध्ये हवा भरा, पोरींची प्रॅक्टिसची जाकिटं, ती बिब्स, धुवायला टाका, टाइमआउटला हेड कोच मिस्टर कोह बोर्डावर रेघा मारणार, आपण बोर्ड धरून उभं राहायचं. त्याचं वाईट नाही वाटत. पहिली दोन वर्षं वाटलं, मग कातडी जाड झाली. एक गोष्ट मात्र माझ्या एकट्याच्या हातातली — ट्रायलच्या कागदावरचा शेवटचा रकाना. शूटिंग, पळणं, डिफेन्स ह्यांचे मार्क कोह देतात, आणि अ‍ॅटिट्यूडचे मी. दहापैकी. शूटिंगचं कसं, बॉल जाळीतून गेला की सगळ्यांना दिसतो — अ‍ॅटिट्यूडचा पुरावा कोण मागतो?

दोन वर्षांपूर्वी एकता आली होती ट्रायलला. चोआ चू कांगला आमच्याच बिल्डिंगमध्ये — इथे ब्लॉक म्हणतात — राहते, नरेश आणि भावनाची मुलगी — बुद्धजयंतीला आमची पंगत एकत्र, अगदी घरची माणसं. तिला बॉल धरायला मी शिकवलं हो! ब्लॉकखालच्या कोर्टवर, दर रविवारी, तीन वर्षं. पोट्टी अशी, की धक्का लागून पडली तर उठून समोरचीलाच विचारणार, तुला लागलं का म्हणून. अभ्यासात जेमतेम, तेव्हा हे कॉलेज मिळायचं तर बास्केटबॉलवरच मिळणार, हे सगळ्यांना माहीत. आणि आल्या आल्या लांबून ओरडली, सगळ्यांदेखत — "काका, नवे शूज बघा!" झालं! कोह नुसते वळले. म्हणाले, "युवर रिलेटिव्ह, आह?" चेष्टेत हं, माणूस वाईट नाही. पण माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं, आणि डोक्यात एकच भुंगा — आपल्यातली म्हणून घेतली, असं कोणी म्हणायला नको. लिहिले चार. एक मुलगी तर पाण्याची बाटली दिली तरी तोंड वर करून बघत नव्हती, तिला मी नऊ दिले, आणि एकताला चार. दोन मार्कांनी राहिली.

थांबा, एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. नरेशला काय सांगितलं मी? "कोहसाहेबांचं मन वळवायला जिवाचं रान केलं रे, नाही ऐकलं." भावनानं मला जेवायला बोलावलं — "भाऊ, तुम्ही केलंत तेवढं सख्खंसुद्धा करत नाही." आणि मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं. लाज कशी नाही वाटली? वाटली हो, पण जेवलो.

मग त्या पोरीच्या हातात मार्कांचा कागद पडला. आली खाली कोर्टवर. इथलीच बोली तिची, वाक्याला 'लाह' जोडायची — "काका, आय डोन्ट अंडरस्टँड लाह — मी इतकी वाईट वागले? सांगा ना, आय विल चेंज." तेव्हा तरी खरं बोलावं की नाही माणसानं? मी तिला अर्धा तास समजावलं — नम्रपणा म्हणजे काय, मोठ्यांसमोर कसं बोलावं. मी! तिला! मान खाली घालून ऐकत होती. त्या दिवशी बॉल घरी नेला तो पुन्हा खाली आणला नाही. आता लिफ्टमध्ये भेटली की कोपऱ्यात सरकून उभी राहते, विचारल्याशिवाय बोलत नाही. सगळ्यांशीच तशी झालीय. भावना कौतुकानं सांगते, पोर किती शहाणी झाली बघा.

सविताला? छे, तिलाही नाही सांगितलं. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे — तुमची माझी ओळख ती किती! पण ऐका, ह्या वेळी जे दिसेल तेच लिहिणार मी. वल्लरीचं जे असेल ते, ना एक कमी ना एक जास्त. नरेशलाही सांगणार आहे. ह्या रविवारी. म्हणजे, ते घरी असले तर.

उठा, उठा — मिस्टर कोह येतायत. अहो, मराठी बंद करा आता! तिकडे जा ना जरा, त्या खांबापाशी, प्लीज — गुड मॉर्निंग, सर! हू, दिस वन? नो, नो, सर. डोन्ट नो हिम, लाह. सम पेरेंट. आस्किंग वेअर इज द टॉयलेट.