आठ मिनिटांची गोगलगाय

…आणि वर मलाच विचारतात, ‘काय रे मधू, पोचली का ती शेवटी?’ मला! पानाच्या ठेल्यावर तेच, कोर्टासमोर तेच, आणि मी सायकल दामटत निघून जातो, कारण पोचली की नाही हे मलाच कुठे माहीत आहे? आठ मिनिटांची फिल्म हो, आठ मिनिटांची! तेवढ्यात आमच्याकडे भातसुद्धा शिजत नाही!

तुम्हाला सांगतो, नागपूरला कॉलेजात असताना मला फिल्म सोसायटीची चटक लागली. बालाघाटला परतलो ते एकच वेड घेऊन, की आपल्या गावातही असं काही हवं, किती दिवस माणसांनी नुसती मारामारी आणि झाडाभोवतीची गाणी बघायची? मग नागपूरच्या घनश्यामने, माझ्या मित्राने, एक रीळ मिळवून दिलं. परदेशी कार्टून. बोलणं नाही, नुसतं संगीत. एका गोगलगायीला चंद्राला शिंग टेकवायचं असतं, म्हणून ती कारखान्याच्या धुराड्यावर चढायला लागते… बस, एवढंच. शेवट काही तो सांगेना. म्हणाला, ‘स्वतः बघ, रडशील.’ आणि रीळ खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने परत हवं.

आता हॉल पाहिजे. हॉल मराठी मंडळाचा, आणि मंडळ म्हणजे बंडोपंत. ते कचेरीतून रिटायर झाले, कचेरी त्यांच्यातून झाली नाही. म्हटलं, दर महिन्याला अशी एक फिल्म दाखवू. चष्म्यावरून बघत म्हणाले, “लोक शेवटपर्यंत बसले, तर हॉल दर महिन्याला तुझा. उठून गेले, तर पुन्हा नाव काढायचं नाही.” मी मनात म्हटलं, आठ मिनिटांत कोण उठतंय!

रविवारी संध्याकाळी हॉल गच्च. मशीन चालवायला भैयालाल, जो एरवी खेडोपाडी कुटुंब नियोजनाच्या फिल्मा दाखवत हिंडतो. दिवे गेले. गोगलगाय आली. तिने ती दोन शिंगं हलवत धुराड्याकडे मान वर केली, आणि काय सांगू, पुढे सतरंजीवर बसलेली पोरं एकदम चिडीचूप! अहिल्यामावशी ‘गोगलगाय नि पोटात पाय’ असं पुटपुटल्या खऱ्या, पण पदर आवरून पुढे सरकल्या. अर्धं धुराडं झालं… आणि दिवे लागले.

हिरालाल शेठ आले होते. राइस मिलवाले. हॉलचे पंखे त्यांनी दिलेले. झालं, हार, नारळ, ‘दोन शब्द’. शेठचे दोन शब्द म्हणजे हॉलमधल्या एकेका पंख्याचं चरित्र. आणि त्यानंतर बंडोपंत काय म्हणतात? “हं भैयालाल, पहिल्यापासून.”

पहिल्यापासून का? कारण आमच्या मंडळाचा रिवाज! पाहुणा आला की कार्यक्रम सुरू होतो, त्याआधीचा झालेलाच नसतो. एका नाटकात तर मेलेला राजा, इंजिनियरसाहेब उशिरा आले म्हणून, उठून पुन्हा मेला होता! आणि दुसऱ्यांदा जास्त चांगला मेला म्हणतात. मी बंडोपंतांच्या कानाशी गेलो, म्हटलं, काका, थांबलोय तिथूनच सुरू करू. ते माझ्याकडे असे बघतात, जसा मी पंगतीत चपला घालून आलोय.

“पाहुण्यांना उष्टी गोगलगाय दाखवायची?”

गोगलगाय पुन्हा खाली.

पुन्हा चढली. मीनाक्षीबाई डॉक्टर आल्या. बिचाऱ्या म्हणत होत्या, मी मागे बसते, माझ्यासाठी काही थांबवू नका… ऐकतंय कोण? हार, नारळ, गोगलगाय खाली. मग तिरोडीच्या खाणीतले साहेब, जीप पंक्चर झाली म्हणून उशिरा. मग त्यांच्या मिसेस, त्या जीपमध्येच बसून होत्या, त्यांचा वेगळा हार! आठ मिनिटांची फिल्म हो, आठ मिनिटांची! पोरांना ती पाठ झाली. ‘आता घसरते’ म्हणायची, की घसरायची.

भैयालालने मला जवळ बोलावलं. “मधूभाऊ, मशीन तापून राह्यली. बल्ब एकच हाय. अन् मी सांगू का तुमाले? हिलेच एक हार घालून टाका, अन् बसवा खाली.”

पण शेवटी पाहुणे संपले! येण्यासारखं कोणी गावात उरलंच नाही. गोगलगाय चढली, घसरली, पुन्हा चढली, चंद्र पडदाभर झाला, ती धुराड्याच्या काठावर आली, शिंग ताणलं, अहिल्यामावशी अंधारातून म्हणतात, “चढ गं बाई, एवढंच राह्यलं…”

दिवे लागले.

मी दाराकडे बघतो, आता कोण? दारात कोणीच नाही. बंडोपंत माइकवर. “एक सत्कार राहूनच गेला. ज्याने हे सगळं घडवून आणलं, तो आपला मधू!”

मी म्हटलं नको, म्हटलं एकच मिनिट, म्हटलं काका, पाया पडतो! दोघांनी दंडाला धरून मला वर चढवलं. हार संपले होते, म्हणून हिरालाल शेठचाच माझ्या गळ्यात. त्याला अजून शेठच्या चमेलीच्या तेलाचा वास होता. बंडोपंतांचं भाषण झालं, ‘ह्या गोगलगायीने जसं शिखर गाठलं’… तिने गाठलं, हे त्यांना कोणी कळवलं? टाळ्या. मग भैयालालने मशीन सुरू केली. पट्!

“गेला बल्ब,” तो म्हणाला. “तुमच्याच सत्कारात गेला, भाऊ.”

सकाळी रीळ गोंदियाच्या बसने राजेगावचा सीमानाका ओलांडून नागपूरकडे गेलं. नागपूरहून घनश्यामचा फोन, ‘काय, रडलास की नाही?’ मी म्हटलं, हौ, खूप रडलो.

आणि बंडोपंत शब्दाला पक्के बरं का! शेवटपर्यंत एक माणूस उठला नाही. उठेल कसा, शेवट झालाच नाही ना! तेव्हा हॉल दर महिन्याला माझा. शिवाय मला मंडळाचा स्वागतप्रमुख केलंय. आता त्याच कामाला फुलवाल्याकडे निघालोय. पुढची फिल्म सहाच मिनिटांची आहे.

हार अकरा सांगितलेत. एक माझा धरून.