सेहेचाळीसचे चौसष्ट

नाही हो, सीडी अशी नखाने खरवडून नाही कळत. द्या इकडे. आणि अशी पंजात नका धरू, कडेने धरा — मधल्या भोकात बोट, काठाला अंगठा — हां. आता खिडकीपाशी या, बल्बच्या उजेडात सगळ्याच अस्सल दिसतात. उलटी करा. काय दिसतंय? चंदेरी ना? हिरवट-जांभळी झाक असती तर बोलायलाच नको होतं, मग ती कुणीतरी घरच्या कॉम्प्युटरवर केलेली. पण चंदेरी आहे म्हणून खूश होऊ नका, कारखान्यात काढलेल्या नकलाही चंदेरीच असतात. आता भोकाभोवती बघा, तिथे बारीक आकडे कोरलेले असतात — भिंग घ्या, घ्या, लाजायचं काय त्यात, माझा तर त्याच्याशिवाय दिवस सरत नाही. आहेत? पुसट आहेत ना? आणि डबीच्या कण्यावरचा, या कडेच्या पट्टीवरचा, नंबर वेगळाच. बहुतेक वेळा दोन्ही जुळतात. नकली आहे ही, साफ नकली. वाईट वाटून घेऊ नका. परदेशातून आलेली, सीलबंद, आणि अर्ध्या किमतीत — अहो, अर्ध्या किमतीत परदेशातून पोस्टकार्डसुद्धा येत नाही.

पुढच्या वेळी काय करायचं, सांगते. आतला कागद काढायचा आधी. उघडू देत नसेल तर घ्यायचीच नाही, आणि परत घेईन असं जो तोंड भरून म्हणत नाही त्याच्याकडून तर नाहीच नाही. कागदावरचा फोटो बघायचा. छापलेल्या फोटोवरून फोटो काढला ना, की ठिपक्यांवर ठिपके बसतात, माणसाच्या तोंडावर जाळी पडते — हे बघा, या बाईंच्या गालावर, मच्छरदाणीतून बघताहेत जशा काही. मग बारीक अक्षरं. त्यांची पोटं भरलेली दिसतात, शाई आत गेलेली. पण हुशार असतो तो काय करतो, फोटो उचलतो आणि अक्षरं मात्र नव्याने लावून घेतो. आणि अक्षरं नव्याने लावली की चुका होतात. म्हणून सगळे सांगतात, चुका शोधा, चूक दिसली की नकली समजा. — ते काही खरं नाही. म्हणजे असतं खरं, पण नेहमी नाही. चूक असलेली अस्सल होती आणि बिनचूक होती ती नकली, असं मी या डोळ्यांनी — डोळ्यांनी कसलं, या हातांनी —

बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो. इकडे बसा.

छापखाना होता आमचा. इथेच, या खोलीत, तुम्ही बसलात ना तिथे कटिंगचं मशीन होतं. दादाचा छापखाना. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वरती असतो आता, पाय दुखतात त्याचे, दुपारचा पडतो जरा. वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांची, तो एकवीसचा. त्याने मला वाढवलं आणि छापखान्यानं आम्हा दोघांना. बिलबुकं, वह्या, पावत्या, एक मुलांचं मासिक. मुद्रितं मी तपासायचे. म्हणजे आम्ही दोघं — मी छापलेलं मोठ्यानं वाचायचे आणि तो समोर मूळ कागद धरून ऐकायचा. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं मोठ्यानं. शेजारचे म्हणायचे, ही भावंडं बोलतात की भांडतात? मला एक खोडच होती. चुकलेलं दिसलं की हात शिवशिवायचा. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा मी पेनने दुरुस्त केलंय. दादा हसायचा, म्हणायचा, तू मेल्यावर स्वतःच्या मृत्यूचा दाखला तपासशील.

मग काम आटलं. आटलं म्हणजे काय, कोपऱ्याकोपऱ्यावर प्रिंटर झाले, आमच्या पायऱ्या कोण चढणार? मासिक बंद पडलं. आणि मग तो बॅगवाला आला. नाव सांगितलं होतं त्यानं, पण ते खरं कशावरून, आम्ही बॅगवालाच म्हणायचो. बॅगेतून बारा डब्या काढून त्यानं टेबलावर मांडल्या, पत्ते मांडावेत तशा. सगळ्या परदेशी, वाद्यसंगीताच्या. म्हणाला, चकत्यांची सोय माझी झालीय, मला फक्त आतले कागद हवेत. मी दादाला आत बोलावून विचारलं, परवानगी आहे का यांच्याकडे? कागद दाखव म्हणावं. तर दादा म्हणतो, कागदच तर छापायचेत आपल्याला. — हसला. मी नाही हसले. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी वाचायला बसले तर तो मूळ प्रत घेऊन समोर बसेचना. म्हणाला, आता वाचू नकोस, नुसतं जुळव. एवीतेवी ती भाषा आपली नाही. जसं आहे तसं उचल, चूक असेल तर चुकीसकट.

वीस वर्षं झाली या वाक्याला. वाचू नकोस, नुसतं जुळव. तसं वाईट काही बोलला नव्हता तो, दमलेला होता बिचारा. पण मला लागलं ते. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना काय वाटत असेल ते तेव्हा मला — जाऊ दे. मी काही लग्न केलेलं नाही, मला काय माहीत.

तर एक डबी होती, एका परदेशी म्हाताऱ्या बाईंची. मोठं व्हायोलिन असतं ना, खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं, ते वाजवायच्या. सात तुकडे होते. प्रत्येकापुढे मिनिटं-सेकंद, आणि खाली एकूण वेळ — सेहेचाळीस मिनिटं. मी बेरीज केली. भाषा आपली नसेना का, आकडे तर सगळ्यांचे सारखेच. चौसष्ट आली. परत केली, खालून वर केली, चौसष्टच. तिकडच्या कुणीतरी आकडे उलटे लावले होते. चाराचा सहा, सहाचा चार. आणि मी ते — मी केलं दुरुस्त. चौसष्ट लावलं. खोड म्हणा. हात शिवशिवतो म्हटलं ना मघाशी, तेच. तीन हजार प्रती निघाल्या.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. त्या बाईंची डबी काढणाऱ्या परदेशी कंपनीला आपली चूक ठाऊक होती, त्यांनी ती तशीच सोडली होती. कोण बेरजा करत बसतंय! मग त्यांचा एक माणूस कुठल्याशा दुकानात गेला, सहज एक डबी उलटी केली, आणि बघतो तर बेरीज बरोबर. झालं. सेहेचाळीस ते अस्सल, चौसष्ट ते नकली, भिंगसुद्धा लागलं नाही बिचाऱ्यांना. दुकानदारानं बॅगवाल्याचं नाव घेतलं, बॅगवाल्यानं आमचं घेतलं आणि स्वतः पसार झाला.

सकाळी अकराला पोलीस आले, चौघं. मी गोंदाची बाटली उघडत होते, झाकण अडकलं होतं. त्यांच्यातल्या साहेबानं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "हा आकडा कुणी बदलला?" रागानं नाही हो, कुतूहलानंच विचारलं त्यानं. दादानं चष्मा लावला. त्याला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं, बघा. कागद बघितला, बोटानं एकेक ओळ खाली आला, ओठ हलत होते, बेरीज करत होता. मग म्हणाला, "मी बदलला. चुकला होता." माझ्याकडे बघितलंही नाही. साहेब म्हणाला, "या बाई कोण?" — "बहीण. कागद मोजते." कागद मोजते! आयुष्यात मी कागद मोजले नाहीत हो.

अठरा महिने गेला आत. मी भेटायला जायचे, जाळीपलीकडे बसायचा, छापखान्याची चौकशी करायचा. सील लागलं होतं छापखान्याला, तरी विचारायचा, रुळांना तेल देतेस ना? मी देते म्हणायचे. एकदाही विचारलं नाही त्यानं. तू का बदललंस, म्हणून. त्याला वाटलं असेल खोडच ही, लहानपणापासूनची. आणि होतीच की खोड. बाकीच्या अकरा डब्यांतही होत्याच चुका. एका ठिकाणी तर वादकाचंच नाव दोन प्रकारे लिहिलेलं. त्या मी सगळ्या जशाच्या तशा ठे—

काय? असं काय बघताय?

तसं नाही म्हणाले मी. म्हणजे म्हणाले, पण — अहो, दुसरं मशीन घेणार होता तो. बयाणा द्यायला निघाला होता. आणखी चाळीस डब्यांचं काम कबूल केलं होतं. तीनदा सांगितलं मी, दादा, हे नको, आपण उपाशी राहू. ऐकेना. मला वाटलं, बॅगवाला बघेल, चिडेल, म्हणेल यांना धड नक्कलसुद्धा जमत नाही, आणि काम काढून नेईल. एवढंच. देवाशपथ एवढंच होतं मनात. पण त्या मेल्यानं बघितलंच नाही! तीन हजार कागद घेऊन गेला, एक उलटून बघितला नाही. मी वाट बघत बसले, आज येईल, उद्या येईल तणतणत. आले ते हे चौघं.

सुटून आला त्या दिवशी जेवायला बसलो आम्ही. दोघंच. मग म्हणाला, "बेरीज मात्र बरोबर होती हं." आणि भाकरी मोडली. आता हे तो हसून म्हणाला की कसं, मला आजतागायत माहीत नाही, मी ताटातून मान वर काढली नव्हती. कळलंय त्याला? की नुसतंच कौतुक केलं, पूर्वी करायचा तसं? किती रात्री — नको. किती तरी वेळा जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिलेय विचारायला. मग हे दुकान काढलं, जुनी पुस्तकं, जुनं संगीत. दिवस जातात. लोक खरी-खोटी विचारायला येतात, मी सांगते.

पाऊल वाजलं का वर? — हो, उठला तो. तुम्ही निघा आता. नाही, नाही, काही द्यायचं नाही, बघण्याचे मी घेत नाही. ती डबी पिशवीत टाका आधी, टाका म्हणते ना. आणि हे बघा, जिन्यात भेटला तर गप्पिष्ट आहे तो, बोलत बसेल, तुम्ही काही विचारू नका. मी वीस वर्षं विचारलं नाही, तुम्ही कोण?

— आलास? कठडा धर, कठडा. काही नाही रे, गिऱ्हाईक होतं, निघालेत ते. निघताय ना? दार ओढून घ्या.