गोचिडाचं औषध, एक झाकण

हॅलो?

हॅलो… कोण? …जरा मोठ्यानं बोल, मालगाडी चाललीय मागनं… हां, आता बोल. …हां, भिमाजीकाकाच बोलतोय. कोण सीमा? …शिक्रापूरची? अगं, आपल्या नेटवरच्या कुत्र्यांच्या कम्युनिटीतली सीमा व्हय! जय भीम, जय भीम पोरी. नंबर कुठनं काढलास? …बरं, बरं.

मी बरा हाय. …व्हय, रिटायर होऊन दोन वर्सं झाली की. …न्हाई गं, जनावरांच्या दवाखान्यातला मलमपट्टीवाला ड्रेसर मी, घरी कोण बोलवतंय आता!

…हां. वाटलंच, तू तेच इचारणार. …चार महिने झाले मी कम्युनिटी सोडून? झाले असतील. …अगं, कुठं रागावलोय? नेट कॅफे पार बाजारात, त्यात जिना चढायचा. …तेवढंच, दुसरं काय.

…सतीश पण सोडून गेला? शिरूरचा? …आन् दीक्षाबी? मग जुनं म्हणावं असं कोण राह्यलं? तू एकटीच?

…आता इचारतीयसच तर सांगतो. माणूस कटाळतो गं. तेच ते, तेच ते. पिल्लाला दूध पचंना, काय करू? अरे बाबा, वर लिवलंय, वाच की! वाचत न्हाईत. बरं, आपण चार गोष्टी इचाराव्या, वजन किती, वय किती, औषध कुठलं, बाटली केवढी… तर काय लिवलं त्या पोरांनी? …व्हय, 'आली काकांची पोलीस चौकी'. आन् खाली समदे हसलेत. …गंमत असंल. तुमची गंमत, मला लागलं ते. एक जण तर म्हणला, हे काका उंटावरून शेळ्या हाकतात. …अगं, खरंच म्हणला त्यो. तेच खरं निघालं.

…काय न्हाई. असंच बोललो. …न्हाई, परत न्हाई येणार. …अगं ऐक ना, समद्यांना सांग काका मजेत हाय म्हणून. ठेवू का?

…काय? …काय केलं म्हणालीस? …वर लावलं म्हंजी? …कम्युनिटी उघडली की पहिलं तेच दिसतं? माझं? कुठलं माझं? …गोचिडाचं?

सीमा. …सीमा, ऐक. …आठवण म्हणून लावलं, कळलं मला. ते काढ. …आत्ता काढ. …अगं, समद्यात जास्त वाचत्यात म्हणूनच काढ म्हणतोय! …मी कसं काढू? मी बाहेर पडलोय त्यातनं. …कसला विनय आन् कसलं काय! आज गुरुवार, सुट्टी ना तुझी? घरीच हायस? मग लाव कॉम्प्युटर. लाव, तंवर सांगतो.

ते लिवलं त्या दिवशी मी काय बी इचारलं न्हाई. ठरवूनच. म्हणलं, ह्यांना चौकशी नको, उत्तर पायजे ना, घ्या. एका ओळीत लिवलं. बादलीभर पाण्यात एक झाकण टाका आन् त्या पाण्यानं आंग पुसून काढा. …व्हय, लई वाहवा झाली. तूबी लिवलंवतं, असं सोपं सांगत जा की काका. …न्हाई गं, तुला बोल लावत न्हाई. मीच सुखावलो. ल्हान पोरागत सुखावलो.

आमच्या दवाखान्यात बारकी बाटली यायची. झाकण बोटाच्या पेराएवढं. तीस वर्सं त्याच झाकणानं मापलं, हाताला सवय. …आन् गोठ्यासाठी मोठी बाटली मिळती, तिचं झाकण कधी बघितलंस? औषध तेच, नाव तेच, झाकण पाचपट. …आलं ध्यानात?

…वरवंडचा हौसराव आलता घरी. …आपल्या कम्युनिटीतलाच. खताच्या पिशवीत पिल्लू गुंडाळून आणलंवतं. अडीच महिन्याचं. म्हणला, सकाळी पुसलं, दुपारपासनं उठंना. …बाटली संगं होती त्याच्या. मी ते मोठं झाकण बघितलं आन् तसंच पिल्लू उचललं. …नेलं की दवाखान्यात. दारातच गेलं. …अगं, भांडला असता तर बरं झालं असतं! त्यो म्हणतोय, तुमी लिवलं तसंच केलं काका, माझं काय चुकलं का? आन् मी… मी म्हणलो, पिल्लूच अशक्त हुतं.

…व्हय. खोटं बोललो. त्या माणसाच्या तोंडावर.

…त्याच दिवशी बाहेर पडलो कम्युनिटीतनं. खोडलं न्हाई. खोडलं असतं तर लोकांनी इचारलं असतं, का खोडलं. लाज वाटली गं. वाटलं, जुनं होईल, जाईल खाली खाली, कोण वाचतंय… आन् तुमी नेऊन डोक्यावर ठेवलं!

…उघडलं का? …अजून फिरतंयच. बरं. …आलं? …खाली किती जणांनी लिवलंय म्हणालीस? एवढ्यांनी? …हां… 'धन्यवाद काका'… हां… थांब, शेवटचं कवाचं हाय? …आजचं? अकराचं? …वाच. समदं वाच, हळू.

…'काकांनी सांगितल्यापरमाणं पुसलं. लई खाजवत हुतं बिचारं, आता शांत झोपलंय.'

सीमा, ती झोप न्हाई. …हौसरावाचंबी असंच झोपलंवतं. किती वाजले? …सव्वा एक. वेळ हाय. अजून वेळ हाय. कोण हाय ती? नाव काय? …'ब्राऊनीची मम्मी'? अगं, हे काय नाव झालं! गाव? फोन? …काहीच न्हाई? फोटो? …कुत्र्याचाच.

बरं, लिव तिला. साबण लावून भरपूर पाण्यानं धू म्हणावं. आन् उचलून डॉक्टरकडं ने, बाटली संगं घेऊन. आत्ताच्या आत्ता. …लिव, लिव, चुकलं तर चुकू दे. …पाठवलं?

…काय झालं? …सीमा? …लाईट? आत्ता? …पाठवायच्या आधीच गेली? …कवा येणार? …पाचला!

…रडू नको. ऐक. मी निघतो बाजारात. कॅफेवाल्याकडं जनरेटर हाय. …व्हय, कम्युनिटीत नव्यानं नाव घालावं लागंल, घालतो. …काय लिवणार म्हंजी? समदं लिवणार. झाकणाचं, हौसरावाचं, मी खोटं बोललो तेबी. माझ्या पुऱ्या नावानं.

…हां, लाईट आली की तू… न्हाई, न्हाई! खोडू नको आता! अगं, ती बाई परत आली तर तिथंच येणार की. दुसरं कुठं गाठायचं तिला? …व्हय, तसंच राहू दे. वर हाय तसंच. मी त्याच्या खाली लिवतो.

…ठेव आता पोरी. ठेव, मला जाऊ दे.