हिरीत उतरायला आमच्या मालकाला फोन करू नका

माईक हितून धरायचा का? येतोय का आवाज माघं?

बसा. म्हाताऱ्या माणसांनी सावलीत सरकून बसा.

गावातल्या समद्या थोरामोठ्यांना, आयाबायांना आन् भोकरहून आलेल्या पाव्हण्यांना माझा नमस्कार. या शोकसभेत बोलणाऱ्यात माझं नाव नव्हतं. म्याच सरपंचदादांना मनलं, मला बोलू द्या. ते मनले, बाई, तुला जमंल का? म्या मनलं, जमणार न्हाई, तरी बोलते. भाषण मला येत न्हाई. घरात बोलते तसंच बोलते. मधी रडू आलं तर जरा थांबा, माईक काढून घेऊ नका.

गजानन भाऊजी माझे दीर. मालकांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तवा तेन्ला नुकती मिसरूड फुटत व्हती. या घरात मला पहिलं हसवलं ते तेन्नीच. म्या केलेली पहिली भाकर तेन्नी ताटात गोल गोल फिरवली आन् मनले, वैनी, हा नकाशा कोणत्या जिल्ह्याचा हाय? आत्या, मंजी माझ्या सासूबाई, तेंच्यावर लई रागवल्या. मी मातर तोंडाला पदर लावून हसले.

आत्ता माझ्या आधी समदे चांगलं बोलले. शूर व्हते मनले. पाण्याचा राजा मनले. खरंच हाय ते. कोणाची मोटर हिरीत पडली, फोन भाऊजीला. कोणाची घागर गेली, फोन भाऊजीला. तळ्यात कोणी बुडालं तर पोलीस यायच्या आधी भाऊजी पाण्यात. दम धरून खाली जायचे. काठावर आपलाच जीव घाबरा व्हायचा. बायका मनायच्या, आता बास, कोणीतरी उतरा रे. तेवढ्यात हे वर, दातात दोर धरून.

दम धरणं. हे तेन्ला येत व्हतं. आपल्याकडं पवायला कोण शिकवतंय, सांगा? पाठीला रिकामा डबा बांधायचा आन् द्यायचं ढकलून. वर आला तेला पवता आलं. काठावरून चुलते वरडणार, दम धर, सोडू नको. समद्या गावाचं पवणं आसंच. भाऊजींचं बी आसंच.

मग ते मित्रांसंगं मालवणला गेले. तिथं समुद्रात पाव्हण्यांना सिलेंडर लावून खाली नेतात. एक माणूस तुम्हाला धरून ऱ्हातो, तुम्ही निस्ते मासे बगायचे. भाऊजी आले ते येडे होऊनच आले. बॅग खांद्यावरून काढायच्या आधी चुलीपाशी येऊन बसले.

"वैनी, पाण्याच्या खाली श्वास घेता येतोय. तुम्ही इथं भाकर करायलात ना, तसं आरामात."

तिथल्या माणसानं तेन्ला सांगितलं व्हतं, एवढी आवड हाय तर ऱ्हा इथं, रीतसर शीक, परीक्षा दे, कार्ड घे, मग तुझा तू उतर. भाऊजी हे हसत सांगायलते. मनले, मला पाणी शिकवायलेत. कोणाला हसू येणार न्हाई? पाण्यातला माणूस तो.

मग हैदराबादहून कोणाचं तरी वापरलेलं सामान आणलं. सिलेंडर, तोंडात धरायची नळी, डोळ्याला काच. मोबाईलवर बगून बगून जोडलं. आपल्याच हिरीत अधूनमधून उतरले, थोडंथोडं. काही झालं न्हाई. काही झालं न्हाई, तेच वाईट झालं बगा.

त्या दिवशीची हीर तुम्हा समद्यांना माहीत हाय. सात परस, मंजी चाळीस फूट तरी खोल आन् यंदा काठोकाठ भरलेली. ज्येंची मोटर पडली व्हती ते दादा इथंच बसलेत. दादा, मान वर करा. तुमच्यावर माझा राग न्हाई. तुम्ही फोन केला, ते आले. गाव आसंच चालतंय.

मी डबा घेऊन गेलते, मनून काठावर व्हते. भाऊजी खाली गेले. बुडबुडे येत व्हते. वर समदे निवांत. कोणी तंबाखू मळायलते, कोणी पावसाचं बोलायलते. खाली श्वासाची सोय हाय मनल्यावर फिकीर कशाची? मग बुडबुडे थांबले. एक जण मनला, दम धरला आसंल.

खरंच धरला व्हता हो.

खाली हवा सरली का नळी बिघडली, आता कोण सांगणार? तेन्नी जन्मभर केलं तेच केलं. नळीतली शेवटची हवा छातीत भरली, तोंड मिटलं, तळाला पाय मारला आन् सुटले वर.

आन् आले बी वर. ते बुडले न्हाईत. बाहेरगावची माणसं बुडाला बुडाला मनतात, तेन्ला सांगा. वर आले, पायरीला धरलं, काच कपाळावर सारली, हसले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. भाऊजी मनले, "बांधलाय दोर. वढा."

समदे मोटर वढायला लागले. तेन्नीच सांगितलं व्हतं. मोटर वर आली आन् भाऊजी पायरीवर बसल्या जागी कलंडले. तोंडाला फेस आला. लाल फेस. म्या पदरानं पुसला, पुन्हा आला. पुन्हा पुसला, पुन्हा आला. जीपमधी घातलं. भोकर, भोकरहून नांदेड. दवाखान्याच्या दारात गाडी लागली तवा माझ्या हातातला तेंचा हात गार झालता.

डॉक्टर भले माणूस. रेणुका, भाऊजींची बायको, तिला धक्क्यानं काही ऐकू येत नव्हतं. मनून मला बाकड्यावर बसवून सांगितलं. मनले, निस्ता दम धरून जाणारा वरचीच हवा छातीत घेऊन जातो आन् तेवढीच घेऊन येतो. सिलेंडरमधून खाली श्वास घेतला की दाबलेली हवा छातीत जाती. वर येताना ती फुगायला लागती. ती सोडत सोडत यायचं आसतं. तोंड मिटून आलं की फुप्फुस फाटतंय, हवा रक्तात शिरती, मेंदूत जाती. म्या इचारलं, डॉक्टरसाहेब, हे कोणाला माहीत आसतं?

ते मनले, "शिकवतात तिथं पहिल्याच दिवशी सांगतात, बाई. श्वास कधी रोखायचा नाही."

पहिल्याच दिवशी. बाबांनो, पहिल्याच दिवशी.

ज्येला पवता येत न्हाई तो पाव्हणा भिऊन भिऊन सांगितलं तसं करतो आन् घरी जातो. आमच्या माणसाच्या हाडात मुरलेलं व्हतं, दम धर, सोडू नको. जे लई चांगलं येत व्हतं तेच करून गेले.

आता मला भ्या कशाचं वाटायलंय, ते सांगते. त्याच्यासाठीच माईक घेतलाय.

पंचनामा झाला आन् सामान घरी आलं. कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलंय. सुतक फिटायच्या आधी फोन आला. शेजारच्या गावातून. मोटर पडली मनून. भाऊजी गेल्याची खबर तेन्ला व्हती. तरी मनले, सामान तर घरीच हाय ना, मोठ्याला बी पवता येतंय की.

मोठे मंजी आमचे मालक.

मालक तेन्ला हो मनले न्हाईत. न्हाई बी मनले न्हाईत. मग मी बगते तर मोबाईलवर पाण्याखालची माणसं. म्या मनलं, हे काय चाललंय? तर मनले, "गजूला ठाऊक नव्हतं ते आता मला ठाऊक हाय. श्वास सोडत यायचं. तेवढंच तर चुकलं त्याचं."

तेवढंच.

तुम्ही सांगा मला. ही एक गोष्ट कळली, एक माणूस देऊन कळली. आशा अजून किती हायत? किती खोल जायचं, किती येळ ऱ्हायचं, सिलेंडरमधी हवा कोणी भरली, ती चांगली का खराब, नळी बंद पडली तर काय करायचं. एकेक गोष्ट एकेक माणूस देऊनच शिकायची का? आन् आमच्यात द्यायला आता एकच उरलाय.

माझी पोरगी अंगणवाडीत जाती. परवा हौदात तोंड घालून बसली. आजीला मनती, मोज. काहून गं, तर काकासारखं. म्या तिला मारलं. मग जवळ घेतलं. पण उद्या मी शेतात आसल्यावर कोण बगणार?

आन् हा बॅनर. ज्येन्नी लावला तेन्नी मायेनं लावला, ठाऊक हाय मला. पण कपाळावर काच, अंगठा वर, खाली लिहिलंय पाण्याचा राजा. शाळेची लेकरं जाता-येता थांबून बगतात. तेंच्या डोळ्यांत मला दिसतंय, तेन्ला काय व्हायचंय. तो काढा. लग्नातला फोटो देते, टोपी वाकडी झालेला. तो लावा.

मी पाण्याला नावं ठेवत न्हाई. ज्येला शिकायचंय तेनं जाऊन शिकावं. शिकवणाऱ्याच्या हाताखाली, कार्ड मिळेस्तोवर. मालक, तुम्हाला बी सांगते, समद्यांच्या पुढं. जायचं तर जावा. मी डबा बांधून देते, लेकरं सांभाळते. पण मोबाईलवर बगून आन् पोत्याखालचं सामान घेऊन न्हाई. तवर मोटर पडली तर गळ टाकून काढा, पाणी उपसून काढा. न्हाईच निघाली तर ऱ्हाऊ द्या खाली. लोखंड हाय ते.

आता दोन मिनिटं उभं ऱ्हायचं आसतं. सरपंचदादा सांगणारच व्हते, मीच सांगते. पण उठायच्या आधी ऐका. जो उभा राहील तेनं कबूल केलं, शिकल्याबिगर सिलेंडर लावून हिरीत उतरायला कोणाला बोलवणार न्हाई आन् सोता बी उतरणार न्हाई. ज्येला कबूल न्हाई तेनं बसूनच ऱ्हावं. मी भांडायला येणार न्हाई. निस्तं मला कळू द्या, कोण ते.

रेणुका, ऊठ बाई. धर मला. आत्या, तुमचे गुडघे धरलेत, तुम्ही बसूनच ऱ्हा, तुम्हाला मी उभंच धरते. दादा उठले. पोरंहो, माघं भिंतीवर बसलेले, तुम्ही बी खाली उतरा आन् उभं ऱ्हा.

मालक.

अवो, तुम्ही बसलाव अजून. समदं गाव उभं हाय. खाली नका बगू, माझ्याकडं बगा. मी माईक ठेवणार न्हाई तवर.

हां.

उठले.

भाऊजी, समद्या गावाचा रामराम घ्या. आता कोणी बोलू नका.