ईयोबाच्या बायकोचा शब्द

न्हाय न्हाय, आत जायच्या आधी हितं बसा, पाळकसाहेब. आमचे हे जागेच हायत, वन्सं उशाला बसल्यात. आधी मला सांगा — तो शब्द आशीर्वादाचा का शापाचा? बुधवारच्या बायबल अभ्यासात तुमीच सांगितला की, हिब्रू शब्द — बारेक. मी आधी ‘बारीक’ ऐकलं, शेजारी बसलेली चंद्रिका हसली बी मला. ईयोबाची लेकरं मेली, गुरं गेली, अंगभर फोड, बिचारा राखेत बसलेला — आन् बायको म्हणती, देवाला बारेक कर आन् मर. सरळ अर्थ बघितला तर आशीर्वाद दे, देवाला धन्य म्हण — असं तुमीच म्हणालात का न्हाय? मग रविवारी पुलपिटावर चढल्यावर त्याचा शाप कसा झाला वो? “शाप दे आन् मर!” — केवढ्यांदा ओरडलात! सगळं चर्च मान वळवून माझ्याकडं बघाया लागलं.

का बघतील? अवो, आमच्या वन्सं, राजाबाई, दुधनीहून आल्यात न्हाय का, त्यांनी सगळीकडं बोभाटा केलाय की! दवाखान्यात ह्यांचं डायलिसिस चाललं होतं, हे कण्हत होते, आन् मी म्हनलं — “आता देवाचं नाव घ्या आन् सुटा.” एवढंच! वन्सं दारात उभ्या. झाली मी ईयोबाची बायको! त्यात तुमचा उपदेश ह्यांनी मोबाईलवर ऐकला. तवापास्नं माझ्या हातचं पाणी घेत न्हाईत. मी पेला धरला की तोंड भिंतीकडं, बहिणीनं धरला की घोटभर पितात. डॉक्टर म्हणले, आता घरीच ठेवा. त्याचा अर्थ मला कळतोय, तिथं हिब्रू लागत न्हाय. असे न बोलताच गेले तर मी कुणाकडं बघू?

काय? — व्हय, ते बी सांगितलंत तुमी, देवाच्या नावाशेजारी शाप कसा लिवायचा म्हणून लिवणाऱ्यांनी आशीर्वाद लिवला. ते मला शिकवू नका. आमी बांगडी फुटली म्हणतो का? वाढवली म्हणतो. नारळ फोडला न्हाय, वाढवला. दुकान बंद केलं न्हाय, वाढवलं. कळतंय की! पण लेकरू वाढतंय ते काय फुटतंय का? ताटात भात वाढते मी, तो फुटतोय? मग त्या बाईनं शापच म्हनला कशावरनं? तिची बी लेकरं तीच होती ना — दहाच्या दहा तिनंच पोटात वागवली. तिला फोड आले न्हाईत म्हणून तिला दुखलं न्हाय व्हय?

तर आत जावा आन् सांगा, शब्दाला दोन अर्थ हायत, तुमच्या बायकोचा, केराचा, आशीर्वादाचा होता. तुमच्या तोंडून पटंल त्यांना. — उठा की! — काय? मला काय म्हणायचं होतं? मला विचारता?

अवो, काय असणार! सुटा म्हंजे दुखण्यातनं सुटा — प्रार्थनाच की ती. — असं बघू नका वो माझ्याकडं. उचलून रिक्षात घालायचं, उचलून काढायचं, रात रात पाय दाबायचे, माझी कंबर मोडली — कंटाळले होते मी! व्हय, वाटलं सुटावं एकदाचं, त्यांनी बी आन् मी बी. लई जीव हाय माझा त्यांच्यावर म्हणून वाटलं, आन् जीव नकोसा झाला म्हणून बी वाटलं. एकाच तोंडानं, एकाच वक्ताला. आता ह्यातनं कुठला अर्थ काढायचा तो काढा तुमीच!

हळू? का म्हणून हळू — अगं बाई. दार उघडंच व्हय?

गप. गप बसा जरा. — “केरा” म्हणले ना? वन्सं तितंच बसल्यात की, तरी — पाणी मागतायत. न्हाय, तुमी नका उठू. त्यांना काय बी सांगू नका आता. पाय तेवढे घ्या वाटेतले.